त्वचा : नॉर्मल

मोठ्या सिस्टरला सगळा दवाखाना पाठीमागे ‘असतं-सिस्टर’ म्हणायचा. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. एकतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढलेली बाई, तिला कोण काय म्हणतं याने काय फरक पडणार? लोक नावं ठेवायला बसले की देवालाही सोडत नाहीत.

रोज सकाळी नऊला नवजात तपासणी असायची. खोली एवढीशी. खिडकीखाली उंच टेबल, वर उबेचा दिवा, कोपऱ्यात वजनकाटा. आदल्या दिवशी जन्मलेलं बाळ आणायचं, सगळे कपडे काढायचे आणि आधी हात न लावता नुसतं बघायचं. रंग कसा आहे, श्वास कसा चाललाय, दोन्ही हात सारखे हलतायत का. मग टाळू बोटाने चाचपायची. डोळ्यांत बॅटरी मारून आतली लाल चमक बघायची. तोंडात करंगळी घालून टाळा फाटलेला नाही ना याची खात्री करायची. छातीला नळी लावायची, पोट दाबायचं, जांघेत दोन बोटं ठेवून नाडी शोधायची, मांड्या फाकवून खुबे फिरवून बघायचे. शेवटी बाळ हातावर पालथं घेऊन मणक्यावरून बोट खाली न्यायचं. सगळं मिळून आठ मिनिटं. नव्या डॉक्टरांना वीस लागायची आणि तेवढ्यात बाळ रडून रडून दवाखाना डोक्यावर घ्यायचं. सिस्टरच्या हातात बहुतेक बाळं झोपलेलीच राहायची.

शेजारच्या खुर्चीत बाळाची आई. पहिलटकरीण असली की तिच्या प्रश्नांना अंत नसायचा.

“सिस्टर, डोकं असं लांबट का हो?”

“असतं. येताना वाटेत दबतं. चार दिवसांत गोल होईल.”

“नाकावर हे पांढरे ठिपके?”

“असतात.”

“छाती सुजलीय तिची.”

“असते. आपोआप ओसरेल. पिळायची मात्र नाही, कोणी कितीही शहाणपणा शिकवला तरी.”

“लंगोटाला रक्त लागलंय.”

“मुलींना लागतं एखाद-दोन दिवस. असतं.”

त्या एका शब्दाने बाईच्या छातीवरचा धोंडा उतरायचा. खरं सांगायचं तर या कामात निम्मी अक्कल रोग शोधायला लागतच नाही. जे रोगासारखं दिसतं पण नसतं, ते ओळखायला लागते. नाहीतर उठसूट आयांना घाबरवत बसायचं आणि साप म्हणून भुई धोपटायची. सिस्टरची नजर या बाबतीत पक्की होती. मोठे डॉक्टरसुद्धा कधीमधी बाळ उचलून तिच्याकडे आणत आणि हळूच विचारत, “हे जरा बघता का?”

पण लिहिण्याचा तिला मनस्वी कंटाळा. वहीत प्रत्येक बाळाला एक पान आणि पानावर सतरा रकाने. सिस्टर वरच्या रकान्यात ‘नॉर्मल’ लिहायची आणि तिथून खालपर्यंत एक उभी रेघ ओढून मोकळी व्हायची. काही वावगं असलं तरच शब्द खर्च करायचे. जे दहातल्या नऊ बाळांना असतं ते कशाला लिहायचं? “आज सूर्य उगवला, असं कोणी लिहून ठेवतं का?” ती विचारायची. तिच्या आधीच्या सिस्टरने तिला असंच शिकवलं, तिने पुढच्यांना असंच शिकवलं. सगळा दवाखाना असाच लिहीत होता, आणि एकतीस वर्षांत त्या रेघेने कोणाचं वाकडं केलं नव्हतं.

मग त्या बुधवारी लसीच्या खोलीत शिवणवाली आली.

कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणारी ही बारीक चणीची बाई. सहा आठवड्यांपूर्वी तिला मुलगी झाली होती. सिस्टरला ती लगेच आठवली, कारण त्या आठवड्यात सगळ्यात जास्त प्रश्न हिनेच विचारले होते. बाळ मात्र आठवलं नाही. बाळं कशी आठवणार? आया आठवतात.

शिवणवाली आता पार उतरली होती. डोळे खोल गेलेले, केस कसेतरी गुंडाळलेले. बाळ तिच्याकडे नव्हतं. तिच्या नणंदेकडे होतं. नणंद शाळेत मास्तरीण, आवाज खणखणीत, कपडे इस्त्रीचे. तिने बाळ टेबलावर पालथं ठेवलं आणि झबलं वर केलं.

“हे बघा आणि मला सांगा हे काय आहे.”

कमरेवर आणि ढुंगणावर पाटीच्या रंगाचा निळसर डाग, तळहाताएवढा. तसाच एक उजव्या खांद्यावर. आणि डाव्या घोट्याभोवती तिसरा, कोणीतरी मुठीत धरल्यासारखा.

सिस्टर हसली. तिथेच पहिली माशी शिंकली, कारण मास्तरीणबाईंच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं.

“अहो, जन्माचे डाग आहेत हे. असतात. दोन-तीन वर्षांत पुसट होत होत जातात.”

“कमरेवरचा मलाही माहीत आहे. माझ्या दोन्ही मुलांना होता. खांद्यावर असतो? घोट्यावर असतो?”

“कमी दिसतो, पण असतो.” सिस्टरने अंगठ्याने खांद्यावरचा डाग दाबला. सूज नाही, गाठ नाही, बाळाने साधं तोंडही वाकडं केलं नाही. स्वतःच्या नावाची असावी तेवढी तिला खात्री होती.

“मग तुमच्या कार्डावर का नाही?” नणंदेने प्लास्टिकच्या पिशवीतून, वहीवरून उतरवून दिलेलं जन्माचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. ‘त्वचा : नॉर्मल.’ खाली सिस्टरची सही.

नणंद वाईट बाई नव्हती, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. शाळेत तिने एक शिबिर केलं होतं. मुलांच्या अंगावरच्या खुणा बघून घरची मारहाण कशी ओळखायची, याचं. दोन दिवसांचं शिबिर, एक प्रमाणपत्र आणि एक फोन नंबर. गेल्या आठवड्यात ती भावाकडे आली, बाळाला अंघोळ घालायला घेतली आणि तिचं काळीज चरकलं. त्यात भावजय दिवसभर रडते, बोलत नाही, आणि एकदा तिच्यासमोरच म्हणाली होती, “ताई, कधी कधी वाटतं हिला भिंतीवर आपटावं.” सहा आठवडे न झोपलेल्या बायका असं म्हणतात. पण नणंदेने ते ऐकलं, हे डाग पाहिले, आणि दोन अधिक दोन चार केले. भाऊ ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस बाहेर, सासू-सासरे हयात नाहीत, घरात बाळ आणि ही. तिने तो नंबर फिरवला.

“तीन वाजता खात्याच्या बाई येतायत,” ती म्हणाली. “मुलं घरात सुरक्षित आहेत की नाहीत ते बघणारं खातं. त्यांना वही दाखवा तुमची.”

सिस्टर शिवणवालीकडे वळली. ती मघापासून दुपट्याची घडी घालत होती आणि मोडत होती.

“तुला कधी दिसले ग हे डाग?”

“घरी गेल्यावर. पाचव्या-सहाव्या दिवशी, अंघोळ घालताना.”

“मग मला येऊन विचारलं का नाहीस?”

“मला वाटलं, असतं.”

सिस्टरने बाळाचं झबलं खाली ओढलं.

आता गोष्ट खरं तर साधी होती. तीन वाजता सिस्टरने सरळ सांगायचं होतं: बाई, असे डाग आम्ही लिहीत नाही, ही आमची पद्धत, आणि ती चुकीची आहे. एवढं बोलायला पाच मिनिटं लागली असती. लाज वाटली असती, पण लाजेने माणूस मरत नाही. सिस्टरला मात्र ते जमलं नाही. आपल्या एका रेघेपायी या पोरीचं लेकरू तिच्यापासून तोडतील, या विचाराने तिचं डोकं फिरलं. जेवणाच्या सुट्टीत ती रेकॉर्डच्या खोलीत गेली. तिथे कोणी नव्हतं. तिने वही काढली, पान शोधलं. रेघेच्या उजव्या बाजूला, त्वचेच्या रकान्यासमोर दोन बोटं जागा होती. तिने बारीक अक्षरात लिहिलं: ‘कमर, उजवा खांदा, डावा घोटा, निळसर जन्मडाग.’ शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि वही जागेवर ठेवली. शब्द न् शब्द खरा होता. खोटी होती ती फक्त वेळ.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तीन वाजता खात्याच्या बाई आल्या. पन्नाशीच्या, चपटी बॅग, पायात मळकट बूट. आवाज चढवणाऱ्यांपैकी नव्हत्या. त्यांच्याबरोबर छोटे डॉक्टर बसले. हे वॉर्डात नवे होते आणि सिस्टरला घाबरून असत. डॉक्टरांनी बाळ नीट तपासलं, डागांचे फोटो काढले आणि म्हणाले, “मला जन्मजात वाटतात. पण आजच्या आज लिहून देत नाही. मार असेल तर दहा दिवसांत हिरवा-पिवळा पडून जाईल, जन्माचे असतील तर जसेच्या तसे राहतील. दहा दिवसांनी पुन्हा बघू.”

“ठीक आहे,” खात्याच्या बाई म्हणाल्या. “तेवढे दिवस बाळ आईजवळच राहू दे. नणंदबाई, तुम्ही रोज एक चक्कर मारा.” शिवणवालीने पहिल्यांदा मान वर केली. “फक्त जन्माची नोंद एकदा बघते.”

सिस्टरने वही उघडून पुढे केली. बाईंनी ती ओळ वाचली. मग चपट्या बॅगेतून एक कागद काढून वहीशेजारी ठेवला. त्याच पानाचा फोटो होता तो. वर्षभरापासून रेकॉर्डवाला दर महिनाअखेर सगळ्या पानांचे फोटो काढून संगणकात भरत होता. त्याचं एक प्रशिक्षणही झालं होतं आणि सिस्टर त्यात मागच्या बाकावर बसून लोकरीचं विणकाम करत होती. बाईंनी सकाळीच फोन करून तो कागद मागवला होता. कागदावर उभी रेघ होती, रेघेच्या उजवीकडे काहीही नव्हतं.

सिस्टरने कागदाकडे पाहिलं, मग वहीकडे.

“हे कधी लिहिलंत?” बाईंनी विचारलं.

“आज.”

“का?”

“कारण ते खरं आहे.”

“असेलही,” बाई म्हणाल्या. त्या रागावल्यासारख्या दिसत नव्हत्या, थकल्यासारख्या दिसत होत्या. “पण आता तुमच्या खऱ्याचं मी काय करू?”

त्यांनी वही मिटली आणि निर्णय बदलला. दवाखान्याचा माणूसच आईला पाठीशी घालत असेल, तर बाळ त्या घरात ठेवण्याची जोखीम त्या घेणार नव्हत्या. दहा दिवस बाळ नणंदेकडे. आईने रोज संध्याकाळी एक तास यायचं, नणंद खोलीत असताना. शिवणवाली रडली नाही, ओरडली नाही. ब्लाउजचा पुढचा भाग दुधाने ओला झाला होता, त्यावर तिने पदर ओढला आणि विचारलं, “आता पाजून देऊ का?”

सिस्टरला त्याच दिवशी नवजातांच्या खोलीतून काढून कपड्यांच्या कोठीत बसवलं. चौकशी लागली. त्याचं तिला दुःख नव्हतं असं नाही, पण रात्रंदिवस डोक्यात दुसरंच होतं. ती बोटांवर दिवस मोजत होती. दहा दिवस, मग सगळं लख्ख होईल. डाग थोडेच कुठे जाणार होते?

वॉर्डातली आया शिवणवालीच्याच गल्लीत राहायची. आया आणि सिस्टर एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या, त्यामुळे एकमेकींना अगंतुगं. चादरी घ्यायला म्हणून ती कोठीत यायची आणि बातमी सांगून जायची.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, “वाटीत दूध काढून ठेवते बिचारी. संध्याकाळी घेऊन जाते.”

पाचव्या दिवशी म्हणाली, “कारखान्यातल्या बायका येतात, धीर द्यायला. धीर कसला, उकरून उकरून विचारतात. कशाने मारलंस? कधी मारलंस?”

“आणि ती काय म्हणते?”

“काय म्हणणार? मूग गिळून गप्प.”

सातव्या दिवशी आया चादरी न घेताच उभी राहिली. “दूध आटलं तिचं,” ती म्हणाली. मग सिस्टरकडे बघून तिचा तोल गेला. “एक ओळ लिहायची तेव्हा लिहिली नाहीस, आणि नको तेव्हा लिहिलीस. एकतीस वर्षांत एवढं कळू नये?”

सिस्टरने उशीचे अभ्रे मोजायला घेतले होते, ते तसेच मोजत राहिली. आयाचं बोलणं झोंबलं, पण त्यात खोटं काय होतं? तिला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

“तीन दिवस राहिले,” ती म्हणाली.

दहाव्या दिवशी सकाळी छोट्या डॉक्टरांनी बाळ टेबलावर पालथं घेतलं. सिस्टरला खोलीत यायची परवानगी नव्हती, ती दारात उभी राहिली. नणंद होती, खात्याच्या बाई होत्या. शिवणवाली आलेली नव्हती. डॉक्टरांनी टेप लावून तिन्ही डाग मोजले, दहा दिवसांपूर्वीच्या फोटोंशी ताडून पाहिले. केसाचाही फरक नव्हता. तोच पाटीचा रंग, त्याच पुसट कडा. ‘जन्मजात निळे डाग. माराच्या खुणा नाहीत,’ असं लिहून त्यांनी खाली सही ठोकली. नणंदेने तोंडावर हात घेतला आणि मटकन खुर्चीत बसली.

सिस्टरला हायसं वाटलं. दहा दिवसांनी पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेता आला.

खात्याच्या बाईंनी तो कागद वाचला आणि बॅगेतून दुसरा काढला. “माझ्याकडे आईचा जबाब आहे,” त्या म्हणाल्या. “परवा स्वतःहून ऑफिसात आली. मी मारलं, असं लिहून दिलंय तिने.”

“पण खुणाच नाहीत तर मारलं कुठे?” सिस्टर दारातून बोलली.

“खुणा न उमटताही मारता येतं, सिस्टर.” बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. “माझाही विश्वास नाही बसत. पण आई स्वतः सांगते की माझ्या हातून झालं, माझ्याकडे देऊ नका, तर मी कोणत्या तोंडाने तिच्या हातात मूल ठेवू? अठरा वर्षांत एकदा असं ठेवलं होतं. एकदाच.” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “तिला जाऊन समजवा. जबाब मागे घे म्हणावं. आज पाचच्या आत घेतला, तर आजच बाळ घरी पाठवते. नाहीतर कागद कोर्टात जाईल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही.”

सिस्टरने डॉक्टरांच्या कागदाची एक प्रत घेतली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली.

शिवणवालीची खोली दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात अंधार, दार उघडं. खिडकीपाशी शिवणयंत्र, त्याच्या पायाशी कापडाच्या चिंध्या, दोरीवर वाळत घातलेले लंगोट. बाळ दहा दिवस घरात नव्हतं, तरी लंगोट धुतलेले होते. शिवणवाली यंत्रावर बसून झबल्याला बंद लावत होती. सिस्टरला पाहून ती उठली आणि खुर्ची पुसून दिली.

“हे वाच,” सिस्टर म्हणाली. “डॉक्टरांनी लिहून दिलंय. डाग जन्माचे आहेत. तू काही केलेलं नाहीस.”

शिवणवालीने कागद वाचला. ओळीवर बोट ठेवून, सावकाश.

“जन्मली तेव्हा नव्हते ना पण,” ती म्हणाली.

“होते ग.”

“तुमच्या कार्डावर आहे, नॉर्मल. तुम्ही तिला हातावर पालथं घेऊन बघितलं होतंत, मी समोरच बसले होते. मला तिची पाठ दिसली नाही, तुम्हाला दिसली. काही असतं तर तुम्ही लिहिलं असतं.”

“आम्ही लिहीत नाही. असले डाग लिहायची पद्धतच नाही आमच्यात. चूक माझी आहे, ऐकतेयस का? माझी.”

शिवणवालीने मान हलवली, समजूत घालणाऱ्या माणसासारखी. “त्या खात्यातल्या बाईंनी सांगितलं मला. तुम्ही मागून लिहिलंत वहीत. माझी दया येऊन. तुमची चौकशी लागली ना माझ्यामुळे? आता आणखी नका काही करू, सिस्टर. नोकरी जाईल तुमची.”

“दया येऊन नाही. खरं होतं म्हणून लिहिलं.”

“मग मला एक सांगा. तुम्हाला माझी मुलगी आठवते? त्या दिवशीची? तिची पाठ आठवते?”

आठवत नव्हती. त्या आठवड्यात बावीस बाळं तपासली होती आणि बावीस पाठींवरून बोट नेलं होतं. सगळ्या पाठी एकच झाल्या होत्या. घोट्याला तर नावाचा पट्टा असतो, त्याखाली तिने पाहिलंही नसणार.

“आठवते,” सिस्टर म्हणाली.

शिवणवालीने तिच्याकडे नीट पाहिलं आणि नजर खाली वळवली. “तुम्ही फार चांगल्या आहात,” ती म्हणाली.

मग ती आपणहून बोलायला लागली. सहा आठवडे जी बाई एक शब्द काढत नव्हती ती शांतपणे, एकेक टाका घालावा तसं बोलत राहिली. झोप नसायची. दुपारी बाळ रडायला लागलं की घड्याळात दोन वाजलेले असायचे, आणि पुन्हा बघावं तर चार. मधले दोन तास कुठे गेले ते आठवायचं नाही. त्याच वेळात झालं असणार. ताई म्हणतात, खात्यातल्या बाई म्हणतात, कारखान्यातल्या बायका म्हणतात, एवढी माणसं उगाच कशी म्हणतील? आणि घरात दुसरं होतंच कोण? “मनात तर यायचंच, सिस्टर. ताईंसमोर बोलूनही गेले मी. मनात आलं, तर हातानेही झालंच असेल.”

“मनात सगळ्यांच्याच येतं ग,” सिस्टर म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “झोप नसली की येतं. असतं ते.”

“तुम्ही सगळ्यालाच असतं म्हणता.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सिस्टरला तो परवडला असता. ती खुर्चीतून उठली, खाली बसली, तिने शिवणवालीचे दोन्ही हात धरायचा प्रयत्न केला. शिवणवालीने हात मागे घेतले आणि मांडीखाली दाबून ठेवले.

“पाच वाजेपर्यंत वेळ आहे,” सिस्टर म्हणाली. “माझ्याबरोबर चल. एवढंच म्हण की मी घाबरून लिहून दिलं. आज संध्याकाळी बाळ तुझ्या कुशीत असेल. मी इथे राहीन हवं तर, महिनाभर राहीन. तू झोप, मी बघेन तिला.”

“आणि महिन्यानंतर?”

सिस्टरने डॉक्टरांचा कागद पुन्हा तिच्यापुढे धरला.

“नको,” शिवणवाली म्हणाली. “ताई चांगल्या सांभाळतात तिला. वजन वाढलंय. परवा मी गेले तेव्हा त्यांच्याकडे बघून हसत होती. मला बघून रडली. लेकरांना कळतं हो.”

“सहा-सात आठवड्यांच्या बाळाला काय कळतं? ते कोणाकडेही बघून हसतं, कोणाकडेही बघून रडतं.” हे सांगताना सिस्टरचा आवाज चिरकला. एकतीस वर्षांत हजार जणींना तिने हे सांगितलं होतं आणि प्रत्येकीने ऐकलं होतं. ही फक्त ऐकून घेत होती.

खालच्या रस्त्यावर शाळा सुटल्याचा गलका झाला. शिवणवाली उठली, यंत्रावरच्या झबल्याचा दोरा दाताने तोडला आणि ते आधीच शिवून ठेवलेल्या सहा झबल्यांवर ठेवलं. एका जुन्या ओढणीत सगळी बांधली, गाठ मारली.

“ताईंकडे द्याल? जुनी आता काखेत घट्ट होतील तिला. आणि त्यांना म्हणावं, डाव्या कुशीवर लवकर झोपते. उजव्या कुशीवर फार वेळ जातो.”

“तूच येऊन सांग.”

“मी आता जाणार नाही तिकडे,” शिवणवाली म्हणाली. “तिला उचलून घेतलं की मला माझ्या हातांची भीती वाटते.”

साडेचार वाजले होते. सिस्टरने आणखी अर्धा तास सगळं करून पाहिलं. समजावलं, रागावली, पाया पडायला वाकली तेव्हा शिवणवाली घाबरून बाजूला झाली. पाच वाजले. खाली कोणीतरी दुकानाचं शटर वर ढकललं, त्याचा आवाज झाला. शिवणवालीने दिवा लावला, यंत्रावर झाकण घातलं आणि पाणी हवं का, असं विचारलं.

सिस्टरने नको म्हटलं. तिने ते गाठोडं उचललं आणि जिना उतरून नणंदेच्या घराकडे निघाली. बाळाला संध्याकाळच्या अंघोळीनंतर घालायला झबलं लागणार होतं.